हवा कुणाच्या बापाची?

संपादक, मागल्या अंकात तुम्ही नऊ कविता छापल्या. मी मोजल्या. त्यांतल्या पाच कवितांत कुणीतरी गुदमरतंय. कुणाचा श्वास कोंडलाय, कुणाच्या छातीवर हजारो वर्षांचा धोंडा ठेवलाय, कुणाच्या फुप्फुसात मनूचा धूर भरलाय. पाचांतली एक कविता माझी आहे. म्हणून पहिली कानफटात माझ्याच मारून घेतो, मग तुमच्याकडं वळतो.

ज्या रात्री मी ती कविता फेअर करत होतो, त्या रात्री पत्र्याच्या भिंतीपलीकडं माझा आतेभाऊ खाटेवर उकिडवा बसून श्वास ओढत होता. आटलेल्या आडात पोहरा खरवडावा तसा आवाज. तीन वाजले असतील. आत्या त्याची पाठ चोळत होती आणि मधनंच म्हणत होती, "घे बाळा, घे." हवा घे म्हणत होती. जणू हवा ताटात वाढलीय आणि पोरगा रुसून खात नाही. आणि मी इकडं ‘गुदमर’ हा शब्द ओळीच्या शेवटी ठेवू का सुरुवातीला, ह्या विचारात बिडी ओढत होतो.

त्याचं वय तेवीस. नाव लिहीत नाही. नाव छापलं तर उद्या त्याला कुठल्याच शेडमध्ये काम मिळणार नाही. शेडचंही नाव लिहीत नाही, कारण ही एका शेडची गोष्ट नाही. कुपवाडपासून शिरवळपर्यंत हायवे धरून जा. जिथं गॅरेज आहे, डेंटिंग-पेंटिंगची पाटी आहे, तिथं पत्र्याच्या आडोशाला तोंडाला रुमाल बांधून गन चालवणारा एखादा पोरगा दिसंल. मोर्चाला जाताना टेम्पोतनं तुम्ही त्याला बघितलंय. वास आला म्हणून नाकाला हात लावलाय आणि पुढं गेलाय. मीही गेलोय.

आता जे सांगतो ते मी कॉलेजात शिकलेलो नाही. दहावी नापास माणूस आहे मी. सूतगिरणीत रिंगखात्यात तिसऱ्या पाळीला उभा राहतो. डब्यावरची इंग्रजी अक्षरं डिक्शनरी घेऊन लावली, मिरजेच्या डॉक्टराला पन्नास प्रश्न विचारले, परदेशातल्या सरकारांनी कामगारांसाठी काढलेली पत्रकं मिळवून वाचली. चूक असंल तर दाखवा. पण वाचा.

हार्डनर म्हणजे छोटा डबा. मोठ्या डब्यात रंग, छोट्या डब्यात हार्डनर, वरनं थिनर. काडीनं ढवळायचं, गाळायचं, गनच्या कपात ओतायचं, कॉम्प्रेसर चालू. जुने मिस्त्री एन.सी. मारायचे, त्याला ड्यूको म्हणायचे. तो रंग थिनर उडून वाळायचा. आताचा पीयू रंग नुसता वाळत नाही. रंग आणि हार्डनर एकमेकांत सांधले जातात आणि पत्र्यावर काचेसारखं कातडं धरतं. ऊन खातं, पाऊस खातं, पेट्रोल सांडलं तरी उठत नाही. गिऱ्हाईक खूश.

हे सांधायचं काम करणाऱ्या रसायनाचं नाव आयसोसायनेट. गाड्यांच्या रंगात बहुतेक त्याचा एचडीआय नावाचा प्रकार असतो, गादीचा फोम करताना टीडीआय नावाचा. गनमधनं उडवलं की त्याचं धुकं होतं. पत्र्यावर बसतं ते दिसतं. बसत नाही ते हवेत तरंगत राहतं, आणि त्यातलं जे सगळ्यात बारीक असतं ते डोळ्याला दिसतच नाही. गन बंद केली म्हणून ते लगेच जात नाही. पोरं गन खाली ठेवतात, रुमाल सोडतात आणि तिथंच उभं राहून हात कसा बसला ते निरखत बसतात. तो श्वास सगळ्यात महाग पडतो.

पोरं म्हणतात, वास गेला, आता काय भ्या न्हाय. अरे, तो वास थिनरचा. आयसोसायनेटचा वास नाकाला कळावा एवढं ते हवेत झालं, तर धोक्याची रेघ कधीच मागं पडलेली असते. नाक इथं साक्षीदार म्हणून उपयोगाचं नाही.

आणि ते लगेच मारत नाही. पहिल्या दिवशी काही होत नाही. कुणाला महिने काही होत नाही, कुणाला वर्षं. शरीर मात्र आत नोंद करत असतं. मग एक दिवस त्याचं शरीर त्या रसायनाला ओळखायला लागतं, आणि त्या दिवसापासनं चिमूटभर पुरतं. शेजारच्या शेडमधला वारा आला तरी छाती आवळते. बऱ्याचदा कामावर असताना काहीच होत नाही. घरी आल्यावर, जेवल्यावर, रात्री झोपेत खोकला चढतो. म्हणून पोरगा म्हणतो गारठ्यानं झालं, आई म्हणते दही खाल्लं, मालक म्हणतो मावा खातंय ते. रंगाचं नाव कुणीच घेत नाही. ब्रिटनमधलं कामगारांच्या आरोग्याचं सरकारी खातं सांगतं की हार्डनरचा रंग गनने मारणाऱ्याला दमा व्हायची शक्यता इतर कामगारांपेक्षा सुमारे ८० पट जास्त. तिथं, जिथं बूथ आहेत, पंखे आहेत, तपासणी आहे, तिथली ही गोष्ट. पत्र्याच्या शेडचा हिशोब तुम्ही करा.

मी कापसातला माणूस. आमच्या छातीचा रोग वेगळा. बिसिनोसिस. सुट्टी घेऊन परत पाळीला गेलं की पहिल्या दिवशी छाती धरते, पुढं आठवड्यात जरा सैल पडते. माझ्या आज्ज्याला होता. मुंबईच्या गिरणीत रिंगखात्यात होता तो. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाखांतला एक होऊन तो गावाकडं परतला आणि मरेपर्यंत खोकला. गिरणी सुटली, कापूस सुटला नाही. रंगवाल्याचं बहुतेक उलटं असतं. आठवडा चढत जाईल तसं वाढतं, सुट्टीत गावाला गेला की बरं वाटतं. हे ध्यानात ठेवा. सुट्टीत बरं वाटतं आणि कामावर बिघडतं, एवढं एक वाक्य पोरानं डॉक्टरासमोर बोललं तरी डॉक्टराला रस्ता सापडतो. पण डॉक्टर विचारतो, दम लागतो का? तू काम काय करतोस, कशानं करतोस, हे विचारणारा डॉक्टर आम्हाला चौथ्या खेपेला भेटला.

आयसोसायनेट हा शब्द तुम्ही आधी ऐकलाय. आठवा. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र, भोपाळ. त्या रात्री टाकीतनं सुटला तो मिथाइल आयसोसायनेट. हार्डनरमधलं रसायन म्हणजे तो वायू नव्हे, हे मी आधीच सांगतो, उगीच भीती घालायची नाही मला. तो पटकन वायू होणारा आणि एका रात्रीत हजारो माणसं मारणारा, हा जड आणि सावकाश. पण घराणं एकच, आडनाव एकच. आणि भोपाळात कारखान्याच्या भिंतीला लागून कुणाच्या झोपड्या होत्या? बंगले होते का? गरिबांच्या वस्त्या होत्या. वायूला जात नसते म्हणणाऱ्यांनी वायूच्या वाटेत कुणाला राहायला लावलं जातं ते बघावं.

आता शेडमधली गोष्ट.

आतेभाऊ पाच वर्षं त्या शेडमध्ये होता. पहिली दोन वर्षं घासायचं काम. लांबी घासायची, प्रायमर घासायचा, थिनरनं गन धुवायची, थिनरनंच हात धुवायचे. कातडीतनंही हे रसायन शरीराला ओळख देतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग गन हातात आली. गन हातात आली तेव्हा आत्यानं पेढे वाटले. आमच्या घराण्यात पहिल्यांदा कुणाच्या हातात झाडू, पाटी, फावडं सोडून दुसरं हत्यार आलं होतं. मी त्याच्यावर कविता केली. गन हा शब्द मला फार आवडला होता.

एकदा तपासणीला माणूस येणार म्हणून शेडमध्ये एक टोप आणला. डोक्यावर घालायचा, समोर काच, मागनं पाइप, पाइपातनं बाहेरची साफ हवा आत. खरा तो हाच. तपासणी झाली, टोप ऑफिसातल्या खिळ्याला लागला. आतेभावानं मागितला. मिस्त्री म्हणाला, "एकाच्या तोंडाचं दुसऱ्यानं कसं घालायचं रं?" मालक म्हणाला, "तुमच्या रोजच्या कामाला कशाला? खराब हुईल." पोरांना कापडी मास्क दिले आणि वर प्रत्येकी गुळाचा खडा. गूळ खाल्ला की धूळ उतरती म्हणे. सांगलीच्या पेठेत गुळाला तोटा नाही. पण गुळानं हार्डनर उतरत नाही, दुधानं उतरत नाही, केळ्यानं उतरत नाही. कापडी मास्कनं अडत नाही, ओल्या रुमालानं अडत नाही. कोरोनात घातलेला पांढरा एन-९५ कण अडवील, वाफ अडवणार नाही.

बाजारात दोन डबड्यांचा कोळशाचा मास्क मिळतो. तो थिनरची वाफ धरतो. पण डबडं कधी भरलं ते कळायला वास हा एकच इशारा, आणि आयसोसायनेटचा वास येतच नाही म्हणून वर सांगितलं. म्हणून बंद बूथमध्ये रोज दोन-दोन तास मारणाऱ्याला पाइपाची हवाच पाहिजे. तो मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो तेव्हाच कामाचा, आणि दाढीवर तो बसत नाही. क्रांतिकारक दाढ्या ठेवणाऱ्या दोस्तांनो, हे खास तुमच्यासाठी. सैल टोपात दाढी चालते.

पाइपाची हवा म्हणजेही कुठलीही हवा नव्हे. रंगाच्या कॉम्प्रेसरचा पाइप कापून तोंडाला लावणारे शहाणे मी बघितलेत. त्या हवेत तेलाचा अंश असतो, पाणी असतं. कॉम्प्रेसर तापला तर कार्बन मोनॉक्साइडही असू शकतो, आणि कॉम्प्रेसर हवा ओढतो त्या तोंडाशी ट्रक चालू ठेवला तर तो नक्की असतो. श्वासाच्या हवेला वेगळा फिल्टर लागतो आणि हवा ओढायची ती उघड्या, साफ जागेतनं.

आता मिस्त्रीच्या वाक्याकडं या. एकाच्या तोंडाचं दुसऱ्यानं कसं घालायचं?

मित्रांनो, हे वाक्य मी आज्ज्याच्या तोंडून ऐकलंय. आज्ज्यानं त्याच्या बापाकडनं ऐकलेलं. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. का? तर धोट्यातल्या कांडीवरचा धागा संपला की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातनं तोंडानं ओढून काढावा लागायचा. ओठ लावायचा, श्वास आत घ्यायचा, धागा बाहेर. एका धोट्याला अनेकांची तोंडं लागायची. महाराचं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडात कसा धरणार? म्हणून विणाईखातं बंद, जास्त पगाराचं खातं बंद, आपली माणसं रिंगखात्यात. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा सवाल लाल बावट्याच्या पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला, की कामगारांची एकजूट म्हणता तर हे काय आहे? जात नुसती कामाची वाटणी करत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, हे त्यांनी पुढं १९३६ मध्ये लिहिलं. ते कुठल्या पुस्तकातनं आलेलं नव्हतं. ते ह्या धोट्यातनं आलेलं होतं.

गंमत बघा. तिकडं अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ मध्ये हीच तोंडानं धागा ओढायची पद्धत कायद्यानं बंद केली, कारण तोंडातनं तोंडात रोग जातो. इकडं धोटा तसाच राहिला, पद्धत तशीच राहिली, आणि बंद झालो ते आपण. रोगाची भीती नव्हती त्यांना. आपली होती.

म्हणून मिस्त्री तसं म्हणाला तेव्हा मी आतेभावाला म्हणालो, "त्यानं जात काढली. चल, जाब विचारू." आतेभाऊ खोकत खोकत म्हणाला, "दादा, ते जातीनं बोललं आसंल न्हायतर नसंल. पर ते खरं बी हाय. एकाचा टोप दुसऱ्यानं घालूच न्हाय. प्रत्येकाला आपापला पायजे." मी गप बसलो. पाच वर्षं शेडमध्ये राबलेला पोरगा माझ्यापेक्षा नीट विचार करत होता. जात काढली म्हणून भांडलो असतो तर मिस्त्रीनं माफी मागितली असती, आणि टोप खिळ्यालाच राहिला असता. मागायचं ते हे होतं, की गन धरणारा, बाजूला उभा राहून पाइप धरणारा, घासणारा, प्रत्येकाच्या नावाचा एकेक टोप. वाटून नको, उष्टा नको, तपासणीपुरता नको.

मिरजेच्या डॉक्टरानं त्याला नळीत फुंकायला लावलं, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी छातीचं माप लिहून आणायला लावलं आणि सांगितलं, "आता तू ह्या रंगाच्या आसपाससुद्धा राहायचं नाही. टोप घालूनसुद्धा नाही." हेही लक्षात ठेवा. टोप हा छाती बिघडायच्या आधीचा इलाज आहे. एकदा शरीर बिथरलं की टोपाचाही भरवसा नाही, कामच सोडावं लागतं. वेळेत सोडलं तर कुणी बरा होतो, उशीर झाला तर दमा जन्माचा. मालकाला कागद दाखवला. मालक म्हणाला, "जमत नसंल तर घरी बस." तेवीस वर्षांचा पोरगा घरी बसला. हातात कला आहे, ती कला आता त्याला मारते.

इथवर मालकाला शिव्या देऊन झाल्या. आता माझ्याकडं या.

मागच्या वर्षी १२ एप्रिलची रात्र. जयंतीची कमान. लोखंडी सांगाडा, वर पत्रा. पोरं म्हणाली निळा असा पायजे की वर्षभर उन्हात राहिला तरी विटू नये. मी म्हणालो, आपला पेंटर घरचाच आहे, हार्डनर टाकून मारू. आतेभावाला तेव्हाच रात्रीचा खोकला होता. मी म्हणालो, बाबासाहेबांचं काम आहे, एक रात्र काय होतंय. समाजमंदिराचं दार लावून घेतलं, धूळ बसू नये म्हणून. खिडक्यांना पोती लावली. दोन बारकी पोरं हॅलोजन धरून आत उभी केली. आतेभावानं तोंडाला निळा रुमाल बांधला. आणि मी, तुमचा कवी, कोपऱ्यात बसून पोरांना स्फूर्ती यावी म्हणून कविता म्हणत होतो.

निळा असा चमकला की डोळे दिपावेत. सकाळी चार वाजता पोरगा समाजमंदिराच्या पायरीवर बसला आणि त्याला श्वास येईना.

मी हे लिहितो ते छाती पिटायला नाही. ती खोली माझ्याच्यानं बंद झाली, कुठल्या मालकानं नाही केली, हे सांगायला लिहितो. मालकाला कायदा दाखवता येईल. आपल्या मंडळाला कोण दाखवणार? ती हॅलोजन धरणारी पोरं दहा-बारा वर्षांची होती.

आता तुमचे सवाल मला पाठ आहेत.

एकजण म्हणणार, आधी जात मोडा, मग मास्क बघू. बाबा रे, नऊ वर्षांचा भीम १९०१ मध्ये साताऱ्याहून बापाला भेटायला निघाला आणि मसूरच्या स्टेशनावर उतरल्यापासनं रात्रभर त्याला कुणी पाणी दिलं नाही. त्या पोरानं मोठा झाल्यावर २० मार्च १९२७ ला महाडात ओंजळ भरली. पाणी हा तेव्हा किरकोळ प्रश्न होता का? पाण्यातच सगळी जात होती. तशी आज शेडमधल्या हवेत आहे. शेड मारताना कोण बाहेर काचेमागं उभा राहतो, आत कोण राहतो, साफ हवेचा पाइप कुणाच्या डोक्याला येतो, हे एकदा जाऊन बघा. आमच्या शेडमध्ये आत आमची पोरं होती आणि यूपी-बिहारची होती. तुमच्याकडं वेगळं असंल तर तसं लिहून कळवा.

दुसरा म्हणणार, पोटाचा प्रश्न आहे, मास्क मागितला तर नोकरी जाईल. जाईल. न मागताही गेलीच की. तेवीसाव्या वर्षी गेली.

तिसरा म्हणणार, हे सुधारणावादी आहे, क्रांती नव्हे. ह्याला मी उत्तर देत नाही. त्याला एका पाळीला बूथमध्ये उभा करा.

चौथा काही म्हणणार नाही, नुसता हसणार. मर्दाला काय हुतंय! ह्या चौथ्याची मला जास्त भीती वाटते, कारण तोच गन चालवतो. त्याला एवढंच सांगा, की आतेभाऊ कुस्ती करत होता. आता जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतो.

कायद्याचं बोलतो, कारण आपण कायदा लिहिणाऱ्याची लेकरं म्हणून मिरवतो. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखातं बघत होते. त्याच काळात, १९४४ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याचा अदारकर अहवाल आला आणि त्यातनं १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. ज्याच्या पगारातनं ईएसआयचे पैसे कापतात त्यानं आपलं कार्ड मागावं. कापतात आणि भरत नाहीत, असंही असतं. १९४८ च्याच कारखाना कायद्यात भोपाळनंतर, १९८७ मध्ये, दुरुस्ती झाली, की कामगाराला धोक्याची माहिती मिळाली पाहिजे आणि धोका दिसला तर ते सांगायचा त्याला हक्क आहे. डॉक्टरानं सरकारला कळवायच्या रोगांची त्या कायद्यात यादी होती. त्यात बिसिनोसिस होता आणि आयसोसायनेटची विषबाधाही नावानिशी होती. म्हणजे हा रोग सरकारला माहीत नव्हता असं कुणी म्हणू नये.

तो कायदा आता गेला. २०२० ची सुरक्षा आणि आरोग्याची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मूळ कायद्यात वीज वापरणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला दहा माणसं पुरत होती. संहितेत वीस लागतात. आतेभावाच्या शेडमध्ये बाराजण होते. श्वास घेणारी बारा माणसं, पण कारखाना नाही. तरी संहितेत दहा माणसांच्या आस्थापनेवर मालकाची जबाबदारी ठेवलेली आहे, सुरक्षेची माहिती मागायचा आणि धोका कळवायचा कामगाराचा हक्क आहे, मालकाच्या खर्चानं वर्षाला आरोग्य तपासणीची तरतूद आहे. हे कागदावर आहे. कागदावरचं शेडमध्ये कोण आणणार? निळ्या झेंड्याची पोरं आणणार नसतील तर कुणीच आणणार नाही.

म्हणून काय मागायचं ते लिहून देतो. कापून खिशात ठेवा.

एक. प्रत्येक डब्याची सेफ्टी डेटा शीट मराठीत भिंतीवर. आयसोसायनेट आहे का नाही, हे मिसळणाऱ्याला माहीत पाहिजे.

दोन. हार्डनरचा रंग फक्त हवा ओढणारा पंखा असलेल्या बूथमध्ये, दार लावून, आणि आत फक्त टोपवाला. गन बंद झाल्यावर बूथ साफ व्हायला किती मिनिटं लागतात ते मोजून दारावर लिहायचं. तेवढी मिनिटं संपेपर्यंत आत असताना टोपाची काच वर करायची नाही.

तीन. माणसागणिक एक पाइपाचा टोप, त्याला वेगळा फिल्टर. गन धुताना नायट्रिलचे हातमोजे. थिनरनं हात धुणं बंद. बूथमध्ये मावा-तंबाखू बंद, कारण रंगाचे हात तोंडात जातात.

चार. कामाला लावताना आणि नंतर दर वर्षी फुंकायची तपासणी, आणि तिचा कागद कामगाराच्या हातात. छाती बिघडली तर रंगापासून दूर, त्याच पगारावर दुसरं काम. हे चौथं कलम सगळ्यात अवघड आहे. ह्यावरच भांडण होणार. ह्यावरच करा. काम जाईल ह्या भीतीनं पोरगा खोकला लपवतो आणि लपवण्यात छाती जाते.

पाच. हे आपल्यासाठी. जयंतीला, मिरवणुकीला, कमानीला, पुतळ्याच्या कठड्याला हार्डनर नाही. बारकं पोरगं रंगाजवळ नाही. समाजमंदिराचं दार कुणासाठीच बंद नाही.

ह्या वर्षी आम्ही कमान उघड्या मैदानात ठेवली आणि साध्या ऑइल पेंटनं ब्रश मारला. आतेभाऊ लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला खुर्चीवर बसून होता आणि तिथनं ओरडत होता, "दादा, उभा हात मार, आडवा मारू नगं, रेघा दिसत्यात!" रेघा दिसल्या. निळा जरा फिकाच आला. दोघा-तिघांनी नाक मुरडलं, म्हणाले, शेजारच्या गावची कमान बघा कशी झळकतीया. झळकू द्या. फिक्या निळ्याखालनं आत्या चालत गेली आणि पोरगा तिच्याबरोबर चालत गेला, मधी एकदाच थांबला.

संपादक, पुढच्या अंकाला मी कविता देणार नाही. यादी देणार आहे. कुपवाड आणि मिरजेच्या बाजूच्या शेड मी माझ्या सुट्टीच्या दिवशी सायकलवर फिरतोय. मालकाचं नाव विचारत नाही, दोनच आकडे विचारतो. आत माणसं किती? टोप किती? साताऱ्याच्या, कराडच्या, विट्याच्या दोस्तांनी तेवढंच करावं. पोस्टकार्डावर दोन आकडे बसतात. पत्ता अंकावर आहेच.

जय भीम.